शिसं आणि लहान मुलांचा मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईबाबांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि घरात पाळणा हलणार आहे अशा सगळ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं. मेंदूला घातक प्रदूषकं बरीच आहेत. इथे मुद्दाम एकच धरलं आहे, कारण शिशाइतका खोल अभ्यास क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल, आणि ते घरातून हटवणं बरंचसं आपल्या हातात असतं. घाईत असाल तर हळद, कल्हई आणि बॅटरीचं दुकान हे तीन प्रश्न आधी वाचा.

शिशाचा त्रास मोठ्यांनाही होत असेल. मग लहान मुलांचीच एवढी काळजी का?

मोठ्यांनाही होतो. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं आणि हृदय यांच्यावर परिणाम होतो. पण पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलाच्या शरीरात ४० ते ५० टक्के. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे किती मुलांचं हिमोग्लोबिन कमी असतं ते वेगळं सांगायला नको.

त्यात रांगतं मूल राहतं जमिनीवर, आणि धूळ बसते तीही जमिनीवरच. हात तोंडात, खेळणं तोंडात, खिडकीचा गज तोंडात. म्हणूनच रक्तातलं शिसं बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांच्या वयात सर्वांत जास्त सापडतं. मेंदू सर्वांत झपाट्याने घडत असतो तोही याच काळात.

मेंदूत जाऊन ते नेमकं करतं काय?

शिसं हा कॅल्शियमचा तोतया आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेतं, हाडांत साठवतं आणि मेंदूच्या दारातूनही आत सोडतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्या कॅल्शियमच्या भरवशावर. तिथे शिसं घुसलं की निरोप नको तेव्हा सुटतो आणि हवा तेव्हा अडतो. शिकणं आणि लक्षात ठेवणं ज्यांच्यावर अवलंबून असतं, ते पेशींवरचे ग्राहीही (निरोप झेलणारे रेणू) शिसं अडवून धरतं.

पहिल्या काही वर्षांत बाळाच्या मेंदूत पेशींच्या अमाप जोडण्या तयार होतात. वापरातल्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. काय ठेवायचं आणि काय छाटायचं हे ठरत असताना निरोपच चुकत असतील, तर झालेली रचना नंतर पुन्हा उभी करता येत नाही. वयाला एवढं महत्त्व आहे ते यासाठी.

बुद्ध्यांकात चार-पाच अंकांचा फरक पडतो म्हणतात. एवढ्याने काय होतं?

एकट्या मुलात तो कदाचित कुणाच्या नजरेतही येणार नाही. मात्र सगळ्या लोकसंख्येची सरासरी १०० वरून ९५ वर आली, तर ७० च्या खाली राहणारी मुलं दुपटीहून अधिक होतात आणि १३० च्या वर जाणारी निम्म्याहून कमी. संख्याशास्त्राचं हे साधं गणित आहे.

शिवाय बुद्ध्यांक ही मोजायला सोपी गोष्ट, म्हणून तिचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते खरा त्रास दिसतो तो वर्गात: एका जागी न बसणं, सांगितलेलं अर्ध्यात सोडणं, चटकन हात उगारणं. अशा मुलाला आपण ‘वांड’ म्हणून मोकळे होतो. प्रत्येक वांड मुलामागे शिसं असतं असा याचा अर्थ मुळीच नाही, पण शिशाचा आणि लक्ष न लागण्याचा संबंध पक्का आहे.

हा परिणाम गरिबीचा नसेल कशावरून? गरीब वस्त्यांतच शिसं जास्त असणार ना?

सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि शिशाच्या उद्योगाने दशकानुदशकं नेमका हाच विचारला.

सुरुवातीला डॉक्टरांची समजूत अशी होती की विषबाधा झालेलं मूल एक तर दगावतं, नाहीतर पूर्ण बरं होतं. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बायर्स आणि लॉर्ड या दोघांनी ‘बऱ्या झालेल्या’ मुलांचा पुढे माग काढला, तर त्यांतली बहुतेक शाळेत मागे पडत होती. मग तिथलेच बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी एक भारी युक्ती काढली. रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत उतरतं, त्यामुळे मूल दोन वर्षांचं असताना काय झालं ते सात वर्षांच्या मुलाच्या रक्तावरून कळत नाही. दातांत मात्र ते साठून राहतं. त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांत पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. यांतल्या एकाही मुलाला विषबाधेचं लक्षण नव्हतं. तरी ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यांक कमी भरला. कोणाच्या दातांत किती शिसं हे शिक्षकांना माहीत नव्हतं, पण त्यांनी ‘लक्ष नाही’, ‘सूचना पाळत नाही’ असे शेरे दिले होते तेही याच मुलांना. हे १९७९ मध्ये छापून आलं. पुढे नीडलमन यांच्यावर संशोधनात गैरप्रकार केल्याचे आरोप झाले, चौकशी झाली, आणि त्यातून ते निर्दोष सुटले.

गरिबीच्या शंकेला नेमकं उत्तर मिळालं ते न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजतागायत पाठपुरावा सुरू आहे. तिथलं शिसं मुख्यतः पेट्रोलच्या धुरातून येत होतं, आणि धूर श्रीमंतांच्या गल्लीतही जातो. त्यामुळे रक्तातलं शिसं आणि घरची सुबत्ता यांचा तिथे जवळजवळ संबंधच नव्हता. अकराव्या वर्षी रक्त तपासलेल्या ५६५ जणांचा बुद्ध्यांक ३८ व्या वर्षी मोजला, तेव्हा डेसिलिटरभर (१०० मिली) रक्तात दर ५ मायक्रोग्रॅम जास्त शिशामागे (रक्ताचे पुढचे आकडेही याच मापात) तो सरासरी १.६१ अंकांनी कमी निघाला. ४५ व्या वर्षी काढलेल्या एमआरआयमध्येही मेंदूत फरक दिसले.

म्हणजे थोडंसं शिसं चालतं की नाही?

नाही. सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. उलट सात ठिकाणच्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये झालेल्या विश्लेषणात दिसलं, की रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर जाताना जवळपास चार अंकांचं नुकसान होतं आणि १० वरून २० वर जाताना त्याच्या निम्मं. पहिला घासच जास्त महाग पडतो.

पेट्रोल शिसेमुक्त होऊन जमाना झाला. मग आता शिसं येतं कुठून?

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेमुक्त पेट्रोल आलं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. त्याचा फायदा निर्विवाद आहे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं होतं. तेव्हा दर चारांतल्या तीन मुलांत शिसं ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होतं.

पण धूर गेला म्हणून शिसं गेलं नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही स्वयंसेवी संस्था यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ते ५ च्या वर असावं. नीती आयोग आणि नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था यांनी २०२२ मध्ये उपलब्ध अभ्यास गोळा केले, त्यात २३ राज्यांची सरासरी ५ च्या वर निघाली. आता उगम विखुरलेले आहेत: मसाला, भांडं, रंग, भंगार, पूजेचं सामान. एका कायद्याने सगळे बंद होतील असे ते नाहीत.

हळदीत खरंच शिसं असतं का?

हळदीत नसतं, घातलं जातं. लेड क्रोमेट हा झगझगीत पिवळा रंग आहे. पॉलिश करताना हळकुंडांवर तो चढवला की फिकट, किडका मालही उजळ दिसतो आणि भाव चांगला मिळतो. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून गोळा केलेल्या हळदीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमच्या वर होतं. पाटण्यातल्या एका नमुन्यात ते २,२७४ भरलं. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा १० आहे.

याचा अर्थ सांगली किंवा वसमतच्या बाजारातली हळद वाईट असा काढू नका. धोका जास्त आहे तो मूळ कुठलं हे माहीत नसलेल्या, सुट्या, डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्याजर्द मालात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची हळकुंडं घ्या आणि डोळ्यांसमोर दळून आणा. हळकुंड चोळल्यावर बोटांना भडक पिवळी भुकटी लागत असेल तर घेऊ नका. मात्र भुकटी लागली नाही म्हणजे शुद्ध, असंही नाही. व्हिडिओंत दाखवतात ती आम्ल टाकून गुलाबी रंग बघण्याची चाचणी मेटॅनिल यलो या दुसऱ्याच भेसळीसाठी आहे, शिसं तिच्यात कळत नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते.

आणि हे सुधारता येतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. सरकारने छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, गावोगाव पत्रकं लावली. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडलं नाही.

कल्हईची भांडी आणि स्वस्त अ‍ॅल्युमिनियम वापरावं का?

चांगली कल्हई म्हणजे शुद्ध कथील. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवून कापसाने पुसत जायचं. त्याच कथलात शिसं मिसळलं की ते स्वस्त पडतं, कमी आचेला वितळतं आणि वरवर पाहता फरक कळत नाही. ताक, चिंचेची आमटी, सोलकढी यांसारखं आंबट अशा भांड्यात राहिलं की शिसं त्यात उतरतं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं हे आपल्याला ठाऊक असतं, कारण चव बिघडते. शिशाने चव मात्र बिघडत नाही, आणि गोम तिथेच आहे. कल्हईवाल्याकडे शुद्ध कथील मागा, जास्त पैसे द्या, आणि बाळाचं अन्न पितळेत शिजवूच नका.

स्थानिक भट्टीत भंगार वितळवून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कढया-पातेल्यांतही शिसं सापडलं आहे. रोजच्या स्वयंपाकाला स्टील सर्वांत बिनघोर.

शेंदूर, कुंकू, काजळ, सुरमा?

पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे, वजनाने ९० टक्के शिसं. मारुतीला शेंदूर-तेल चढवायला कोणाचीच हरकत नाही. तेच बोट बाळाच्या कपाळाला लावू नये, आणि हात धुतल्याशिवाय प्रसाद देऊ नये. हळदीपासून केलेल्या कुंकवात शिसं नसतं, बाजारी कुंकवात काय असेल ते सांगता येत नाही. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे निव्वळ काजळी, त्यात शिसं नाही. (तरीही बाळाच्या डोळ्यांत काही घालू नका, जंतुसंसर्ग होतो.) सुरमा मात्र वर्ज्य, कारण तो बऱ्याचदा शिशाच्याच खनिजाची पूड असतो.

बाळगुटी आणि आयुर्वेदिक औषधं?

वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून दिलेल्या गुटीत मुळात धातू नाहीत. गुटी द्यावी की नाही हा वेगळा वाद, त्यात इथे पडत नाही. प्रश्न आहे तो रसौषधींचा, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांचा. नागभस्म हे शिशाचंच भस्म. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. भस्म विधिवत केलं की निर्धोक होतं हा दावा गर्भवतीवर किंवा तान्ह्या बाळावर आजमावून बघण्यासारखा नक्कीच नाही. घटक न छापलेली पुडी, मग ती कितीही नामांकित वैद्यांची असो, मुलाला देऊ नका.

माझे मिस्टर बॅटरीच्या दुकानात काम करतात. घरी काय काळजी घ्यावी?

जगातलं बहुतांश शिसं बॅटऱ्यांत जातं. जुनी बॅटरी फोडून आतल्या पट्ट्या उघड्यावर वितळवणं फार सोपं आहे, कारण शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत अशाच उद्योगाने २००७-०८ मध्ये १८ मुलं दगावली. गल्लीत किंवा शेताच्या कडेला कोणी असं करत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा आणि तिथे मुलांना फिरकू देऊ नका.

दुकानातलं काम असेल तर कपडे आणि चपला तिथेच बदलून यायचं. जमत नसेल तर दारातच बदलायचे, वेगळ्या बादलीत वेगळे धुवायचे. आंघोळ आधी, बाळाला उचलणं नंतर. बाबा घरी आले की मूल पायांना मिठी मारतं, तेव्हा त्याचं तोंड बरोबर पँटच्या उंचीवर असतं. भंगार, सोल्डरिंग, रंगकाम आणि सोनारकामालाही हेच लागू.

घरातल्या बंद इन्व्हर्टर बॅटरीने काही होत नाही. पाणी भरून झाल्यावर हात धुवा, एवढंच.

घराला नवा रंग द्यायचा आहे आणि सून गरोदर आहे.

नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० आहे. काळजी आहे ती त्याआधीच्या ऑइलपेंटची, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल छटांची. जुनं दार किंवा ग्रिल कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की ती सगळी धूळ घरभर बसते. ओलं करून घासायला सांगा, आणि काम संपून फरशी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून होईपर्यंत सुनेला आणि लहान मुलांना दुसरीकडे ठेवा. आजोबांच्या वेळचा रंगवलेला पाळणा काढणार असाल तर त्याचा रंग आधी उतरवून घ्या, तोही घराबाहेर.

आईच्या अंगातलं शिसं बाळाला जातं का? मग अंगावर पाजू नये का?

जातं. हाडांत शिसं वर्षानुवर्षं, दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा तेही निघतं आणि वारेतून पलीकडे जातं. म्हणून गरोदरपणात कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका. स्तनपान मात्र थांबवू नका. दुधात शिसं फार थोडं उतरतं. आईच्या रक्तातली पातळी ४० वगैरे असेल तरच डॉक्टर वेगळा सल्ला देतात.

लक्षणं काय दिसतात?

बहुतेकदा काहीच नाही. पातळी खूप वाढल्यावर पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय आणि अगदी टोकाला झटके. लक्षणांची वाट बघणं ही सर्वांत वाईट पद्धत.

तपासणी कोणती करायची?

शिरेतून घेतलेल्या रक्तातलं शिसं मोजणारी. उपाशी राहावं लागत नाही. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळू शकते, त्यामुळे तो आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त देऊन खात्री करावी. केसांच्या चाचणीवर पैसे घालवू नका. सरसकट प्रत्येक मुलाला ही तपासणी लागते असं नाही. घरात वरच्यापैकी एखादा व्यवसाय असेल, मूल माती-रंग खात असेल, रक्तक्षय लोहाने हटत नसेल किंवा बोलणं मागे पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे विषय काढा.

५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर उगम शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेने २०२१ मध्ये तीच रेषा ३.५ वर आणली.

औषधाने निघतं का?

पातळी ४५ किंवा जास्त असेल तर शिसं बाहेर काढणारी औषधं देतात, तीही शक्यतो रुग्णालयात. त्याने जीव वाचतो. पण २० ते ४४ च्या पातळीतल्या ७८० मुलांवर अमेरिकेत प्रयोग झाला. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, मुलांच्या बुद्धीत किंवा वागण्यात मात्र काडीचाही फरक पडला नाही. म्हणून सगळा जोर उगम शोधण्यावर. ‘डिटॉक्स’चे काढे आणि पॅच विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

मग आहाराने काही होतं का?

आत जाणारं शिसं कमी होतं, आत गेलेलं निघत नाही. नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या, वर लिंबू पिळलेलं वरण. मूल उपाशीपोटी नसावं, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. जेवणाआधी हात धुणं यातच मोडतं.

मूल शिसपेन्सिल चावतं!

त्यात ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. चावू देऊ नका, पण घाबरूही नका.

शिसं सोडून बाकीच्यांचं काय?

पारा वाईट आहे. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये आजार उघडकीला आला, तेव्हा फारशी लक्षणं नसलेल्या आयांच्या पोटी मतिमंद आणि अपंग मुलं जन्मली होती. क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशकं आणि हवेतले सूक्ष्म कण यांच्याबद्दलही पुरावा वाढतो आहे. फवारणीच्या दिवशी गरोदर बाईने आणि मुलांनी शेतात जाऊ नये, एवढं तरी पाळाच.

आम्ही अमेरिकेत असतो. बाळाच्या तपासणीत शिसं ४ आलं. मसाले पुण्याहून येतात. आता?

घाबरण्याइतका हा आकडा नाही, दुर्लक्ष करण्याइतकाही नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला अशा चौकश्यांमध्ये परदेशातून आणलेल्या मसाल्यांत शिसं वारंवार सापडलं आहे, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पुन्हा तपासणी होईपर्यंत हळद, तिखट, गोडा मसाला बाजूला ठेवा, टाकून देऊ नका. नमुने तपासायला लागतील. काही ठिकाणी आरोग्य विभागाचे लोक घरी येऊन बघतात. ते आले की मसाल्याच्या डब्याबरोबर देवघरातली शेंदराची डबी, आजीने पाठवलेली पुडी, पितळी भांडी, सगळं पुढे करा आणि ‘हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात’ म्हणून काही वगळू नका. आजीला फोन करून हळद कुठल्या गिरणीतून आणली तेही विचारून ठेवा.